दूध हलवायचं नाही

शनिवारी सकाळी आमच्या सरोवराच्या किनाऱ्यावर मासळीचा बाजार उरकला की सगळी गर्दी प्रेषित योनाच्या मंडपाकडे वळायची. मंडपात एक लांब फळी होती. तिच्यावर सरबताच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या आणि त्या बाटल्यांत माणसांची लघवी. हसू नका, मुलांनो. लोक त्या फळीपुढे गुडघे टेकायचे, कारण बाटल्यांतलं पाणी हिरवं होतं. कुठे पोपटी, कुठे शेवाळी, एक-दोन तर चक्क मोरपंखी.

"मी तुम्हाला काय पाजलं?" योना गर्जायचा.

"दूध!"

"त्याचा रंग कोणता?"

"पांढरा!"

"मग हा हिरवा रंग कुणाचा?"

"पापाचा!"

"मी घातला का?"

"नाही!"

हे शेवटचं उत्तर लोक सगळ्यांत मोठ्यानं द्यायचे.

अंगात पायघोळ पांढरा झगा, गळ्यात माशाच्या मणक्यांची माळ. आपण सरोवरात बुडालो, एका माशानं आपल्याला गिळलं आणि देवाच्या आज्ञेनं पुन्हा किनाऱ्यावर ओकलं, असं तो सांगायचा. मासा दर आठवड्याला बदलायचा. सुकी मासळी विकणारी कॉन्सोलाता माझ्या कानाशी लागून म्हणायची, "बाई, त्याचं पोट बघा. माशानं ह्याला गिळलं नसेल, ह्यानंच माशाला गिळलं असेल." पण म्हणता म्हणता तीही रांगेत पुढे सरकायची. तिची बाटली फळीवर मधोमध होती आणि ती कुणालाही तिथून हलवू द्यायची नाही.

दूध म्हणजे आमच्या घरोघरी वाळवून पोखरलेल्या भोपळ्यात विरजतात तेच आंबट दूध. योनाचा भोपळा मात्र मोठा, लांब मानेचा. त्याचे नियम कडक होते. भोपळा हलवायचा नाही, आत आत्मा निजलेला असतो. पहिली धार जमिनीवर, पूर्वजांसाठी. वाटी एका दमात रिकामी करायची, तोंड मिटायचं, कुणाशी न बोलता सरोवरावर जाऊन चूळ भरायची. बाटलीत लघवी धरली की झाकण लावायचं नाही, रात्रभर उघडी ठेवायची, म्हणजे पाप "पिकतं".

मी गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं. त्या रांगेतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. मी त्यांना विचारायचे, "अरे, नियम एवढे कशाला?" ती हसायची. "बाई, तुम्ही पण आम्हाला वर्गात किती नियम लावायच्या!"

रोझालिया माझ्याच वर्गातली. माझ्या कुंपणाला लागून तिचं अंगण. नवरा मासेमारीच्या होडीवर, महिनोन्‌महिने दूरच्या बेटांवर. घरात तिची म्हातारी आई आणि दोन मुलगे. धाकटा रामोगी अजून शाळेत जायचा होता. थोरला ओकेच चौथीत, फाटक्या चपलांच्या रबराच्या होड्या करणारा, आणि प्रश्न विचारून जीव खाणारा. मासा पाण्यात का भिजत नाही? सावली रंगीत का नसते? मी मुलांना एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शिकवायचे: "माहीत नाही" म्हणायला लाजू नये, पण त्याच्या पुढे लगेच "शोधते" म्हणावं. ओकेचनं हे असं पाठ केलं होतं की मी कधी अडखळले की तोच म्हणायचा, "बाई, शोधा मग."

त्या घरावर एक सावट होतं. रोझालियाचा भाऊ ओकेचच्याच वयाचा असताना तापात गेला होता. औषधाच्या गोळ्या दिल्या आणि त्याला काळी लघवी झाली. त्याआधी म्हातारीचा एक भाऊ तसाच गेला. म्हातारी म्हणायची, "आमच्या घराला चिराचा शाप लागलाय. पूर्वी कुणीतरी रिवाज मोडला, त्याचं हे भोगणं. मुलींना काही होत नाही, मुलगे घेऊन जातो." ओकेचला साधाच ताप आला, तशी तिनं लेकीचा हात धरला. "चल योनाकडे. गोळ्या नकोत. गोळ्यांनीच गेला होता माझा पोर."

त्या आठवड्यात मी किसुमू शहरात लेकीकडे होते. पुढचं मला कॉन्सोलातानं सांगितलं.

पहिल्या वाटीनंतर ओकेचची बाटली हिरवी झाली. मंडपात टाळ्या पडल्या. पण मग लघवीचा रंग बदलत गेला. आधी तांबूस, मग कोऱ्या चहासारखा. रोझालिया घाबरून बाटली घेऊन धावत योनाकडे गेली. त्यानं बाटली उजेडात धरली. कॉन्सोलाता म्हणाली, "बाई, तो क्षणभर गप्प झाला. खरंच गप्प झाला. मी पाहिलं. आणि मग एकदम ओरडला, 'मूळ! हिरवी पानं गळली, आता काळं मूळ सुटतंय! अजून पाजा!'"

लोकांनी ती काळी बाटली फळीवर सगळ्यांच्या वर ठेवली. एवढं मोठं पाप त्या फळीनं अजून पाहिलं नव्हतं. बायका रोझालियाचं अभिनंदन करून गेल्या.

मी परतले तेव्हा ती अंगणात ज्वारी निवडत होती. "बाई, बरं होतंय," म्हणाली. "सगळं निघून जातंय."

ओकेच आत चटईवर पडला होता. मी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. आमच्या मुलांचे तळहात गुलाबी असतात. त्याचा तळहात कागदासारखा पांढरा झाला होता. डोळे हळदीसारखे पिवळे. एवढ्याशा छातीत श्वास धावत होता.

"रोझालिया, ऊठ! मोटारसायकलवाल्याला हाक मार!"

"बाई, प्रेषित म्हणाले की..."

"मोटारसायकल!"

मी वर्गात कधी असं ओरडले नव्हते. ती उठली.

मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मध्ये मी, मागे रोझालिया, आणि ओकेच माझ्या मांडीवर आडवा. तो जागा होता.

"बाई," तो म्हणाला, "हिरव्याचं काळं कसं झालं?"

"बोलू नकोस रे राजा. दम लागतोय तुला."

"तुम्हाला माहीत नाही ना?"

"नाही. माहीत नाही."

तो हसला, ओठांच्या एका कोपऱ्यात. "शोधा मग."

इस्पितळात डॉक्टर वासोंगांनी त्याला पाहताच रक्त आणायला माणूस पळवला. "ह्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत," ते मला म्हणाले. "फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून येतोय. काळं पाणी म्हणजे ह्याचं स्वतःचंच रक्त आहे, बाई. काय औषध दिलं होतं ह्याला?"

"औषध नाही. दूध दिलं होतं."

"दुधानं असं होत नाही."

रक्ताची पिशवी आली, सुईही लागली. पण मूत्रपिंडं आधीच थकली होती आणि हृदय रिकाम्या नळ्यांत धावून धावून दमलं होतं. संध्याकाळच्या आत ओकेच गेला. रोझालिया रडली नाही. तिनं त्याच्या पायांवरची चादर सारखी केली. त्याचे पाय नेहमी चादरीबाहेर यायचे.

त्याला अंगणातच पुरलं. आमच्याकडे मयताच्या घरी माणसं दिवसचे दिवस मुक्कामाला येतात, गातात, जेवतात. तिथे योनाही आला. मणक्यांची माळ खुळखुळवत त्यानं थडग्यावर हात पसरले. "चिरा आपला वाटा घेऊन गेला," तो म्हणाला. "बाईंनी मध्येच ओढून नेलं म्हणून मूळ अर्धं राहिलं. आता ते धाकट्यावर फिरेल. शनिवारी त्याला आणा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

रात्रीचं जेवण वाढताना मी रोझालियाला म्हटलं, "पोरी, रामोगीला तिकडे नेऊ नकोस."

"बाई, तुमच्या डॉक्टरांनी वाचवला का माझा ओकेच?"

"नाही वाचवला."

"मग? माझ्याकडे आता एकच आहे." तिचा आवाज अगदी शांत होता. "एकच आहे, बाई. मी काहीच न करता कशी बसू?"

माझ्या मनात संशय होता, पण दूध तर पांढरं होतं आणि दुधानं पेशी फुटत नाहीत. नुसत्या संशयावर एखाद्या आईला सांगायचं काय, की तुझ्या हातच्या वाटीनं तुझा मुलगा गेला?

दुसऱ्या दिवशी रामोगी माझ्या ओट्यावर बसला होता. भावाची रबरी होडी हातात. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्याला सगळं कळलेलं होतं. मी त्याला म्हटलं, "काहीतरी बोल रे." तो म्हणाला, "आजी, योनाच्या कोंबडीची चोच निळी आहे."

"निळी?"

"चोच आणि इथे छाती. ती पांढरी आहे ना, म्हणून दिसतं. ती पूर्वजांचं दूध पिते. ओकेचनं दाखवली मला. तो म्हणाला, बाई आल्या की विचारू."

मी तशीच उठले. मंडपामागे ती कोंबडी खरंच होती, चोच शाईत बुडवल्यासारखी. पहिली धार जिथे पडायची तिथली माती काळी होती, काळ्या मातीत निळा डाग कुणाला दिसणार? मी माती रुमालात बांधली, डॉक्टरांकडे नेली आणि पाण्यात कालवली. पाणी निळं झालं.

डॉक्टर ताठ बसले. "हे मिथिलीन ब्लू असावं. मत्स्यबीज केंद्रात माशांच्या अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून टाकतात."

"योना पूर्वी मत्स्यबीज केंद्रातच कामाला होता," मी म्हणाले. मीच वर्ग घेऊन तिथे गेले होते, तेव्हा अंगात झगा नव्हता, पायांत रबरी बूट घालून तो हौदाशी उभा होता.

"हे पोटात गेलं की लघवी हिरवी होते. कुणाचीही. तुमची, माझी, बिशपची. आम्हीही काही विषबाधांत हे औषध मोजून देतो. पण देण्याआधी विचारतो. काही माणसांच्या तांबड्या पेशींत त्यांना सांभाळणारा एक घटक जन्मापासून कमी असतो. तसा तो माणूस धडधाकट असतो, कुणाला कळतही नाही. पण काही ठरावीक औषधं पोटात गेली की त्या पेशी पटापट फुटतात. तापाच्या काही गोळ्यांनीही फुटतात."

"मामा," मी म्हणाले. "रोझालियाचा भाऊ."

"हा दोष आईकडून येतो आणि बहुधा मुलग्यांत उमटतो. आपल्या भागात तो पुष्कळ आहे."

म्हणजे चिरा तो हाच.

"पण दूध पांढरं कसं राहतं?" मी विचारलं.

डॉक्टर पहिल्यांदाच किंचित हसले. "आंबट दुधातले जंतू दुधातला प्राणवायू संपवतात, तसा हा रंग दिसेनासा होतो. जात नाही, लपतो. पुन्हा हवा मिळाली की परत निळा. भोपळ्यात वर हवेशी लागलेला थर तेवढा निळा राहतो."

"आणि तो थर पूर्वजांना," मी म्हटलं. त्याचे सगळे नियम एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेले. भोपळा हलवायचा नाही, निळी जीभ दिसू नये म्हणून तोंड मिटायचं, बाटलीला झाकण लावायचं नाही.

शनिवारी मंडप फुटेस्तोवर भरला होता. रोझालिया पुढे बसली होती, रामोगी मांडीवर. मी तिच्या शेजारी बसले. योना मला पाहून चमकला, मग हसला.

"बघा, बाई पण आल्या! देव म्हाताऱ्या मेंढरांनाही वळवतो!"

"वळवतो तर खरं," मी म्हणाले. "आधी मला द्या. वयाचा मान."

लोक हसले. त्याला नाही म्हणता येईना. पहिली धार जमिनीवर गेली. माझ्या वाटीत दूध पडलं, पांढरंशुभ्र. मी ते प्यायले नाही. पिशवीतून काचेची बाटली काढली, दूध तिच्यात ओतलं, झाकण लावलं.

"हे काय?" योना म्हणाला. "आत्मा निजलाय!"

"उठवते," असं म्हणून मी बाटली जोरजोरात हलवली.

दूध निळं झालं, आकाशासारखं.

"हे दूध कुणाच्या पोटात गेलेलं नाही," मी म्हटलं. "मग सांगा, हे पाप कुणाचं?"

"तुझं!" योना किंचाळला. "चेटकीण आहे ही! हिच्या हाताचं पाप उतरलंय!"

"असेल. मग तुम्ही हलवा. तुमचे हात तर पवित्र आहेत." मी दुसरी रिकामी बाटली पुढे केली. त्यानं ती घेतली नाही.

बाटली घेतली कॉन्सोलातानं. "आण इकडे. माझं पाप तर तू गेल्याच महिन्यात सगळं काढलंस ना? फळीवर मधोमध ठेवलंय!" तिनं भोपळ्यातून दूध ओतलं, हलवलं. निळं. मग तिच्या शेजारणीनं हलवलं. मग एका मुलीनं बापाच्या हातातून बाटली हिसकावून घेतली. निळं, निळं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "अरे, ह्याला मी ओळखतो, हा हौद धुवायचा!" कुणीतरी फळी ओढली आणि बाटल्या खळकन फुटल्या. योनाला पुरुषांनी धरलं आणि पोलीस चौकीकडे चालवलं. तो गेला त्या बाजूला मी पाहिलंसुद्धा नाही.

मी रोझालियाकडे पाहत होते. तिनं बाटली हलवली नव्हती. ती त्या निळ्या दुधाकडे फक्त बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "ओकेच कशानं गेला?"

आता सांगावंच लागणार होतं. ती माझी विद्यार्थिनी होती आणि तिनं प्रश्न विचारला होता. मी तिला सगळं सांगितलं. रक्त, घटक, रंग, मामा. जितकं साधं सांगता येईल तितकं साधं. रामोगी ऐकत होता.

ती म्हणाली, "काळं झाल्यावरची वाटी तो नको म्हणत होता. मी त्याचं नाक दाबून पाजली, बाई."

मी तिला जवळ घेतलं. तेव्हा कुठे ती रडली. तिची आई मागे बसली होती, ती छाती बडवत म्हणाली, "म्हणजे माझ्या रक्तातनं आलं? मी दिलं सगळ्यांना?"

"आजी, रक्त देणं हा गुन्हा नाही," मी म्हणाले. "तुम्हाला तुमच्या आईनं दिलं, तिला तिच्या आईनं. कुणी रिवाज मोडला नव्हता. तेच रक्त हिवतापाशी थोडं झुंजतंही, असं डॉक्टर म्हणतात." तिला हे किती कळलं, मला माहीत नाही.

रामोगीचं रक्त तपासलं. तोही तसाच निघाला. म्हणजे त्या शनिवारी ती वाटी त्याच्या ओठांना लागली असती तर? हा प्रश्न आम्ही कुणीच मोठ्यानं विचारला नाही. आता रोझालिया त्याला एक वाक्य रोज घोकवते, कवितेसारखं: "माझ्या रक्ताला काही औषधं चालत नाहीत, देण्याआधी विचारा." तो ते दुकानदारालाही म्हणून दाखवतो. दुकानदार त्याला गोळी देतो, लिमलेटची.

परवा मी ओकेचच्या थडग्याशी बसले होते. रोझालिया ज्वारी निवडत होती. एकदम म्हणाली, "बाई, तो गप्प झाला होता. बाटली उजेडात धरली तेव्हा योना क्षणभर गप्प झाला होता. का?"

"कारण हिरवा रंग त्यानं घातला होता," मी म्हणाले. "काळा त्यानं घातला नव्हता. तो कुठून आला, हे त्याला माहीत नव्हतं."

तिचे हात सुपात थांबले. "मग तसं म्हणाला का नाही?"

मुलांनो, मी तुम्हाला हेच सांगायला बसले आहे. फसवणूक हिरव्या रंगाची होती, पण ओकेचचा जीव त्या एका क्षणात गेला, जेव्हा एका माणसाला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटली आणि बाकीच्यांना "का?" विचारायची. जो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार ठेवतो त्याच्या हातचं काही पिऊ नका. लघवीचा रंग बदलला, डोळे पिवळे झाले, तळहात पांढरे पडले, तर ते पाप नसतं. ते रक्त असतं. घेतलेलं औषध तिथेच थांबवा आणि मूल उचलून दवाखान्यात पळा. काय पाजलं ते डॉक्टरांना खरंखरं सांगा, मग ते पूर्वजांचं दूध असलं तरी.

त्या दिवशी मग मी थडग्याकडे वळले आणि ओकेचला सांगितलं, हिरव्याचं काळं कसं झालं ते. पहिल्यापासून, सावकाश, चौथीच्या मुलाला कळेल असं. रामोगी होडी घेऊन शेजारी येऊन बसला. माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, पण जंतूंना प्राणवायू कशाला लागतो?"

"माहीत नाही रे," मी म्हणाले. "शोधते."